माती नापास, भाजी पास

अनुभवकथन लिहायला माणूस निवृत्त असावा लागतो, असं आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक बोरकर काका म्हणतात. ते स्वतः रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे. मी सहा वर्षं एकच काम करतेय आणि निवृत्त व्हायला मला अजून कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे कारखानेवाल्यांनी सांगितलंय, पण ते मी धरत नाही. तरी यंदा काकांचाच फोन आला. "काय वं पोट्टी, अजून माती खणून राहिली का? मग त्याच्यावरच लिही ना काही. पण गोड लिहिजो. दिवाळीचा अंक आहे."

गोड लिहिते. विषय शिसं आणि कॅडमियम आहे.

मी रायपुरात एका लहानशा संस्थेत काम करते. लहान म्हणजे तेलीबांध्याच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. खाली झेरॉक्स, वर क्रांती. संस्थेचे प्रमुख आहेत, त्यांना आम्ही सगळे भैया म्हणतो. कारखान्यांच्या आसपासची माती गोळा करायची, प्रयोगशाळेत द्यायची, निकाल आला की पर्चा काढायचा आणि बाजारात उभं राहून वाटायचा, हे माझं काम. पर्चा म्हणजे पत्रक. पर्च्यात पहिली ओळ मोठी लागते, दुसरी त्याहून मोठी, आणि तिसरी कुणी वाचत नाही. हे शास्त्र मला कॉलेजात नाही, रस्त्यावर शिकायला मिळालं.

माती घेण्यातही शास्त्र आहे. लोकांना वाटतं, मूठभर उचलली की झालं. तसं नसतं. वरचा काडीकचरा बाजूला सारायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करायचा आणि त्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंत एक चकती तासून घ्यायची. असं शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी. लोखंडी खुरपं चालत नाही, धातू मोजायचे तर धातूनंच कसं खणणार? मग सगळी माती प्लास्टिकच्या कागदावर मिसळायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांधाजवळची, झाडाखालची, शेणाच्या ढिगाशेजारची माती घ्यायची नाही. एवढं सगळं नीट केलं की पिशवीवर नाव लिहायचं, आणि तेवढ्यात शेतमालक येऊन विचारतो, "गड़ा धन मिला क्या, दीदी?"

गिऱ्हाइकंही एकेक भेटतात. आम्ही पैसे घेत नाही म्हणून लोक आपलीही माती घेऊन येतात. एक गृहस्थ टिफिनच्या डब्यात माती घेऊन आले. डबा धुतला होता का विचारलं, तर म्हणाले, सकाळी लोणचं होतं फक्त. नव्या रायपूरकडचे एक बिल्डर प्लॉटची माती घेऊन आले, त्यांना ती 'सात्त्विक' असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे फक्त शिसं मोजतात, सत्त्व नाही. एका बड्या साहेबांनी फार्महाऊसचा पालक ड्रायव्हरबरोबर पाठवला आणि निरोप दिला की रिपोर्ट अच्छा आना चाहिए. पालकाला मी तो निरोप वाचून दाखवला.

आणि एक कारखान्याचे पर्यावरण अधिकारी. कारखान्याचं नाव लिहीत नाही, उरल्याच्या कारखान्यांकडे जाल तर धुरावरून ओळखाल असंही म्हणत नाही, कारण तिथं धुरावरून एकालाच ओळखणं कठीण आहे. तिथं तारेवर जस्त चढवतात, आणि जस्ताबरोबर थोडं शिसं-कॅडमियमही येतंच. जस्त चढवण्याआधी तार आम्लात धुतात, आणि ते धुणं कुठं जातं हा आमचा त्यांच्याशी जुना वाद. साहेब फार मृदू बोलतात. "मैडम, धातु तो धरती माता की देन है. हमने तो बस बाहर निकाला." दर भेटीत ते एक तुळशीचं रोप देतात. माझ्याकडे आता तुळशीचं बन झालंय.

आता मुद्द्याचं. उरल्याच्या पलीकडे एका नरव्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी भाजीवाल्यांचा एक पारा, म्हणजे वस्ती, आहे. कारखान्याचं पाणी त्या नरव्यात येतं असा आमचा संशय होता, म्हणून तिथल्या एका बारीतली माती मी काढली. बारी म्हणजे भाजीचा मळा. ही बारी केंवरा दीदीची. पन्नाशीची बाई, एकटी राबते, आणि रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या चौबे कॉलोनीजवळच्या भाजीबाजारात बसते. तिचा पालक आणि लाल भाजी, म्हणजे लाल माठ, आमच्या घरी माझ्या शाळेपासून येत होती. पण बारी तिची हे मला खणताना माहीत नव्हतं. मी गेले तेव्हा ती बाजारात होती आणि तिच्या भावानं "खोद लो" म्हटलं.

माती नापास झाली. सपाटून. शिसं जास्त, कॅडमियम जास्त. आमच्या खोलीत जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते. कुणाच्या शेतात विष निघालं म्हणून पेढे वाटावेत अशी आमची नोकरी आहे. दुसऱ्या दिवशी मी पर्चा लिहिला. पहिली ओळ: 'पालक नहीं, ज़हर है'. दुसरीत पाऱ्याचं नाव, मोठ्या अक्षरात. भैया म्हणाले, "इसको कहते हैं पर्चा."

चौबे कॉलोनीत तो पर्चा असा वाचला गेला की माझा एकही पर्चा त्याआधी तसा वाचला गेला नव्हता. बायकांनी फोटो काढून एकमेकींना पाठवला. मंडळात माझा शाल देऊन सत्कार ठरला. कारखान्याचा नळ मात्र कुणी बंद केला नाही, कारण कारखान्याचा नळ कॉलनीतून बंद होत नाही. कॉलनीतून फक्त भाजी बंद होते. ती झाली. त्या पाऱ्यातल्या बायकांच्या टोपल्यांपुढून लोक नाकाला पदर लावून जाऊ लागले, जणू कॅडमियमचा वास येतो. घरी आई म्हणाली, "त्या बाईकडची भाजी पंधरा वर्षं खाऊ घातली मी तुले. मेली का तू?" मी आईला समजावलं की विष हळूहळू चढतं. आई म्हणाली, "मग आता पालक कोनाकडून आणू, तुझ्या भैयाकडून?"

आठवड्याभरात केंवरा दीदी आमच्या खोलीवर आली. जिना चढून, टोपलीसकट. टोपलीत सकाळचा पालक तसाच होता, कडेनं मान टाकलेला. पर्चा तिच्या हातात होता, तिनं तो कुणाकडून तरी वाचून घेतला होता. ती छत्तीसगढीत बोलते, मी बहुतेक मराठीत आणते; नोनी, म्हणजे पोरी, आणि हव, म्हणजे हो, तसेच ठेवते.

"हे तू लिहिलंस, नोनी?"

"हव," मी म्हटलं. "दीदी, तुमच्याविरुद्ध नाही ते. कारखान्याविरुद्ध आहे."

"कारखाना माझ्या शेजारी बसतो का बाजारात? त्याची भाजी कुणी घेईना झालं का?"

तिनं पर्चा माझ्यापुढे धरला.

"माझी भाजी तू तपासलीस?"

"माती तपासली."

तिनं टोपली माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मनखे मन माटी खाथें का?" माणसं काय माती खातात?

ती म्हणाली, लाल भाजीचं पीक उभं आहे, विकलं नाही तर नांगर फिरवायचा, आणि मग पुढं काय करायचं ते तूच कागदावर लिहून दे, तुला लिहिता येतं. आणि जिना उतरली. टोपली ठेवून गेली.

ती टोपली घेऊन मी साहू सरांकडे गेले. साहू सर एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतात, आमचे नमुने तेच तपासून देतात. कमी बोलतात, आणि जे बोलतात ते ऐकून माणसाला नोकरी सोडावीशी वाटते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पर्चा वाचला, चष्मा काढला, पुसला.

"इसमें लिखा है पालक. आपने तो मुझे मिट्टी दी थी. पालक कहाँ है?"

"सर, मिट्टी में है तो पालक में भी आएगा ना."

"कौन सी मिट्टी?"

इथं मी शिकले ते तुम्हालाही सांगते, शाल परत मागू नका. छत्तीसगढी शेतकरी मातीला नावांनी ओळखतो. भाठा म्हणजे तांबडी, खडेवाली, पाणी न धरणारी, चवीला आंबट म्हणावी अशी. कन्हार म्हणजे काळी, चिकट, पावसात चप्पल ओढून घेणारी. मधे मटासी आणि डोरसा. केंवरा दीदीची बारी कन्हार. सरांनी मातीचा सामू मोजला, म्हणजे ती आंबट किती ते. आंबट नव्हतीच, सातच्या बरीच वर, चुनखडीच्या बाजूची. वर तिनं वर्षानुवर्षं घुरव्यातलं, म्हणजे घरच्या उकिरड्यातलं, कुजलेलं खत घातलेलं.

आता असं समजा. धातू मातीत असणं म्हणजे फाईल ऑफिसात असणं. फाईल आहे म्हणून काम झालं असं होतं का? कन्हार माती म्हणजे आपलं सरकारी ऑफिस. तिथं शिसं, कॅडमियम येऊन पडतं, मातीच्या बारीक कणांना चिकटतं, खताला चिकटतं, चुन्यात अडकतं, आणि हलत नाही. मुळं अर्ज करून थकतात. पण त्याच मातीत आम्ल पडलं की शिफारसपत्र आलं असं समजा. अडकलेला धातू सुटतो, पाण्यात उतरतो आणि मुळावाटे थेट वर, पानात. भाठ्यासारख्या तांबड्या आंबट मातीत तर ऑफिसच नाही. खत नाही, चिकण नाही, धरून ठेवणारं कुणी नाही. थोडा धातू असला तरी सगळा चालायला मोकळा. त्यातही भाजीभाजीत फरक. पालक, लाल भाजी, मेथी ही पानवाली मंडळी हावरी. दुधी, भेंडी त्या मानानं संयमी. आणि शिसं बरंचसं धुळीबरोबर पानावर बसतं, ते नीट धुतलं तर पुष्कळ जातं. कॅडमियम आत शिरतं, ते धुऊन जात नाही.

हे सगळं साहू सरांना माहीत होतं. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "आपने पूछा नहीं. आप लोग रिपोर्ट लेकर भागते हैं."

भाजी तपासायची ठरली. सर म्हणाले, तुलनेसाठी एक साफ जागेची भाजीही आणा, जिथं कारखाना नाही, नरवा नाही. मला लगेच सुचलं. पर्च्याच्या भीतीनं चौबे कॉलोनीत गच्चीवर भाजी लावायची साथ आली होती, आणि त्यात पुढे होते बोरकर काका. मी गच्चीवर गेले तर काका पालकाला झारीनं पाणी घालत होते.

"घे, घे. एकदम शुद्ध," काका म्हणाले. "तुझा पर्चा वाचला आन् मी म्हनलं, आता बाजाराचं नाव नाही काढायचं."

"काका, हे डबे कसले?"

"इनव्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्यायचे. दुकानवाला फेकून राहिला होता. वरून कापले, आतलं काढलं, साबनानं धुतले. किती मजबूत आहेत पाह्य."

मी पाहिलं. काळे, मजबूत. मला शंका यायला हवी होती. पण नरव्याच्या काठचा डबा असता तर मी दहा फोटो काढले असते, हा कॉलनीतला डबा होता. शंकासुद्धा पत्ता पाहून येते.

"आणि माती?"

"लाल माती, बांधकामावरून आणली. आन् त्या व्हिडिओत सांगते ना, आठवड्यातून एकदा व्हिनेगरचं पानी घालायचं, पानं हिरवीगार होतात. काहून, चुकलं का काही?"

"नाही काका," मी म्हटलं, आणि साफ जागेचा नमुना म्हणून काकांचा पालक पिशवीत भरला. थोडी मातीही घेतली.

भाजी तपासणं हे मातीपेक्षा नाजूक काम. पानं नळाच्या पाण्यात धुवायची, मग शुद्ध पाण्यात, मग भट्टीत वाळवायची, दळायची, आम्लात उकळून विरघळवायची आणि मग यंत्राला द्यायची. काही दिवस लागतात. त्या दिवसांत मी रोज बाजारातून जाताना केंवरा दीदीची जागा पाहत होते. ती बसायची, पण टोपलीत पालक कमी, वांगी जास्त. वांग्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पर्च्यात वांगं नव्हतं.

निकाल आला. केंवरा दीदीचा पालक मर्यादेच्या आत, आरामात. बोरकर काकांचा पालक शिशात मर्यादेच्या बाहेर. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पहिल्यांदाच हसले. "आपकी साफ जगह." बॅटरीच्या डब्यात मुरलेलं शिसं, त्यात लाल माती आणि वर दर आठवड्याला व्हिनेगर. शिशाला शिफारसपत्र काकांनी स्वतःच्या हातानं झारीतून दिलं होतं. शेजारच्या गच्चीवर तसेच डबे होते, पण तिथल्या काकूंनी शेणखत आणि होमाची राख भरपूर घातली होती. त्यांच्याकडची मेथीही मग तपासली. मातीत शिसं जवळपास तेवढंच, भाजीत कितीतरी कमी. डबे अर्थात तिथूनही काढायला लावले.

मी भैयांकडे गेले. म्हटलं, दुसरा पर्चा काढायचा. केंवरा दीदीची माफी मागायची, नाव घेऊन.

भैया म्हणाले, "पागल हो? कल कारखानेवाला यही पर्चा फ्रेम करा के टाँगेगा. कहेगा, देखो, सब ठीक है."

"सब ठीक नहीं है. मिट्टी में धातु है, वो कारखाने का है. ये भी लिखेंगे."

"तीसरी लाइन में लिखोगी? तीसरी लाइन कौन पढ़ता है?"

हे मीच त्यांना शिकवलं होतं, की त्यांनी मला, आता आठवत नाही. भैया वाईट माणूस नाही. मार खाल्लाय त्यांनी या कामात, खरोखरचा. पण त्या दिवशी मला कळलं की आमची लढाई कारखान्याशी असली तरी नेम आम्ही टोपलीवर धरला होता, कारण टोपलीला वकील नसतो. मी भैयांना हेच म्हटलं. ते म्हणाले, "अपने नाम से निकालो. संस्था के नाम से नहीं." खालच्या झेरॉक्सवाल्यानं छापून दिला.

पहिली ओळ जमता जमेना. 'मैं ग़लत थी' असं लिहिलं. मग केंवरा दीदीच्या बारीवर जाऊन तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, नाव घालू का? ती निंदणी करत होती. तिनं विचारलं, "पहिल्यांदा विचारलं होतंस?" मग म्हणाली, "घाल. पूर्ण घाल."

दुरुस्ती वाटणं हे पर्चे वाटण्यातलं सर्वांत कष्टाचं काम. विष म्हटलं की लोक हात पुढे करतात. विष नाही म्हटलं की हात खिशात. एक बाई म्हणाल्या, कितने पैसे मिले? एकांनी पर्चा घेतला, त्यावर फुटाणे ठेवले. पण आई बाजारात आली, केंवरा दीदीकडून दोन जुड्या पालक घेतल्या, आणि तिथंच उभं राहून ओळखीच्या प्रत्येक बाईला "माही पोट्टी चुकली होती, घ्या आता" असं सांगत राहिली. माझ्या सहा वर्षांच्या सगळ्या पर्च्यांपेक्षा आईचं ते तासभर उभं राहणं जास्त चाललं. हळूहळू बायका परत वळल्या. कारखान्याच्या साहेबांनी खरंच फोन केला. "मैडम, आपकी ईमानदारी को सलाम." मी म्हटलं, सलाम ठेवा, तुमचं आम्लाचं धुणं कुठं जातं ते सांगा. त्यांनी तुळस पाठवली.

उरली चौबे कॉलोनी. शाल द्यायचा कार्यक्रम होताच, तिथंच मी गच्च्यांचे निकाल वाचून दाखवले. बोरकर काका पहिल्या रांगेत. ते उठले आणि म्हणाले, "म्हणजे आम्हीच आमाले शिसं चारून राहिलो होतो. टाळ्या वाजवा." लोक हसले, मीही हसले. काका खरे माणूस आहेत. त्यांनी त्याच संध्याकाळी डबे गच्चीवरून उतरवले.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले तर काकू चहा देताना सहज म्हणाल्या, "इतकी हिरवीगार भाजी, फेकवत नव्हती वं. दुर्गाले देऊन टाकली."

दुर्गा म्हणजे त्यांच्याकडे भांडी घासायला येणारी. ती स्वयंपाकघरातच होती. मी आत जाऊन विचारलं. ती म्हणाली, "हाँ दीदी, बना ली. बच्चों ने भी खाई. अच्छी थी." मी तिथं काकूंना जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. काकू रडल्या. त्यांच्या मनात खरंच वाईट काही नव्हतं, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच आला. दुर्गाला मी समजावलं की दोन-चार वेळच्या खाण्यानं लगेच काही होत नाही, पण पुढं घ्यायची नाही. ती म्हणाली, "तो मुझे क्यों दी?" काकांनी हा मजकूर वाचलाय. एवढंच म्हणाले, "छाप. काकूले अंक मी उशिरा देईन."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी केंवरा दीदीचा निरोप आला, खोदायचं सामान घेऊन ये. मला वाटलं, पुन्हा काही बिनसलं. गेले तर ती मला बारीच्या पार खालच्या टोकाला घेऊन गेली, नरव्याला लागून असलेल्या पट्ट्यावर. वरची बारी ती विहिरीच्या पाण्यावर करते; तिथं धातू आला तो धुरातून, आम्ल नाही. हा पट्टा मात्र पावसाळ्यात नरवा फुगला की त्याच्या पाण्याखाली जातो, आणि उन्हाळ्यात विहीर आटली की ती तिथं नरव्याचंच पाणी काढून देते. पालक तिथंही होता, वरच्यापेक्षा दाट.

"ही तपास," ती म्हणाली.

"मागच्या वेळी इथली का नाही दाखवलीस?"

"मागच्या वेळी तू मला विचारून खोदलं होतंस का?" मग म्हणाली, "इथं पाणी हाताला चरचरतं. आता कागदावर माझं नाव आहे. लोक नाव विचारून भाजी घेतात."

मी नागमोडी चालत खणलं, चार भाग केले, दोन फेकले. भाजीही उपटून घेतली. साहू सरांनी सामू मोजला आणि आकडा माझ्यापुढे सरकवला. तीच कन्हार माती, एकाच बारीची, वीस-पंचवीस पावलांच्या अंतरावरची. पण आम्लाच्या पाण्यानं आंबट झालेली. भाजीत कॅडमियम मर्यादेच्या वर. हा कागद आम्ही आता कारखान्याविरुद्धच्या तक्रारीला जोडलाय, आणि भैयांनी यावेळी संस्थेच्या नावानं जोडलाय. तक्रारीचं काय झालं ते विचारू नका. फाईल कन्हार मातीत आहे.

तक्रारीआधी तो कागद घेऊन मी बारीवर गेले. पर्चा नव्हता, गर्दी नव्हती, बाजार नव्हता. तो निकाल तेव्हा साहू सर, मी आणि ती, तिघांनाच माहीत. मी वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग पट्ट्याच्या वरच्या कोपऱ्यापासून पालक उपटायला सुरुवात केली, मुळासकट, आणि उपटलेला बांधावर नाही, एका खड्ड्यात टाकू लागली. मी मदतीला वाकले. पट्टा लहान नव्हता, तिच्या लाल भाजीच्या खालोखाल तोच मोठा. झेंडू लाव म्हटलं, फुलं कुणी खात नाही. ती म्हणाली, बघू.

तिच्या दोन बकऱ्या कुंपणापाशी ओरडत होत्या. ढीग मोठा झाला होता, हिरवागार, दव असलेला. मला वाटलं, एवढं पुरण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात जावं. मी विचारलं, "दीदी, बकऱ्यांना घालायचं का?"

तिनं मान वर केली.

"बकरी काबर खाही?" ती म्हणाली. बकरीनं का खावं? "ओकर का गलती हे?" तिची काय चूक?

आणि खड्ड्यावर माती लोटू लागली.